सात दिवसांचे बिऱ्हाड

आमची लेक आणि जावई नोकरीनिमित्त इटलीतल्या तुरीन शहरी राहतात. गेल्या श्रावणात तिचा फोन आला. "बाबा, येत्या मे महिन्यात तुम्ही आणि आई इकडे या. सात दिवस समुद्रावर काढू. हॉटेल नको, घरच भाड्याने घेऊ. तीन घरे मी निवडून ठेवली आहेत, त्यातले कुठले घ्यायचे ते तुम्ही ठरवा."

मुख्याध्यापकाच्या हाती असे काम आले की तो प्रथम तक्ता आखतो. मीही आखला. भाडे, साफसफाईचे पैसे, अनामत रक्कम, जिने किती, स्टेशन किती लांब, स्वयंपाकघरात काय काय आहे, असे रकाने पाडले. पहिले घर फ्रान्समध्ये इटलीच्या सरहद्दीलगत असलेल्या मांतों गावच्या जुन्या पेठेत, देवळाच्या पायऱ्यांलगत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहते. दुसरे घर त्याच गावी, गाराव्हां नावाच्या उपसागराकाठी, नव्या इमारतीत. सज्जातून समुद्र दिसतो, मालक कोण ते कळत नाही, आणि किल्ली दाराशेजारच्या पेटीत आकडे फिरवून घ्यायची. तिसरे घर सरहद्दीपलीकडे, इटलीतल्या व्हेन्तिमिल्या गावी. अंतर दहाबारा किलोमीटरच, पण भाडे बरेच कमी.

तक्ता पाहून आमच्या सौ.नी एकच प्रश्न विचारला. "अहो, त्या सात दिवसांत ही घरवाली माणसे कुठे राहणार?"

मी निरुत्तर झालो. असा रकाना मी पाडलेलाच नव्हता.

त्यांनी तो प्रश्न विचारावा याला कारण आहे. त्यांचे माहेर गोव्यात, पेडणे तालुक्यातले हरमल. त्यांच्या लहानपणी पावसाळा सरला की किनाऱ्यावर परदेशी पाहुणे उतरू लागत आणि गावातली घरे त्यांना महिनेवारीने दिली जात. ओसरी आणि पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या, घरची माणसे मागच्या पडवीत. पाहुणा येण्याआधी आणि गेल्यानंतर त्यांची आई भांडी मोजून ठेवी. त्या पैशांतून घरावर नवी कौले चढली, मुलींची शिक्षणे झाली, हे सौ. नाकारत नाहीत. पण आपल्याच ओसरीवर जाण्याआधी खाकरायचे, ही सवय त्यांना आठव्या वर्षी लागली, ती पाहुणे गेल्यावरही कितीतरी दिवस सुटत नसे.

इतिहासाच्या शिक्षकाला प्रश्न अडला की तो मागे जातो. मांतों आणि शेजारच्या नीस शहराचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळले की, 'समुद्राकाठी परक्याचे घर भाड्याने घेऊन राहणे' या गोष्टीला तिथे अडीचशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. आणि सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी वाचावे असे त्यात पुष्कळ आहे.

आरंभ एका दुखणाइताने केला. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटलंडचा डॉक्टर आणि कादंबरीकार. छातीच्या विकाराने जर्जर झालेला, त्यात १७६३ साली त्याची एकुलती एक मुलगी वारली. दुःखी पत्नीला घेऊन तो त्याच वर्षाच्या अखेरीस नीसला पोचला, आणि तिथे घर भाड्याने घेऊन १७६५ पर्यंत राहिला. नीस त्या काळी फ्रान्समध्ये नव्हते. ते सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होते, आणि त्या राज्याची राजधानी तुरीन, म्हणजे आज आमची लेक राहते तेच शहर. फ्रान्समधून येणाऱ्याला व्हार नावाची नदी ओलांडून परमुलखात शिरावे लागे.

स्मॉलेट भारी कुरकुरा गृहस्थ. वाटेतल्या खाणावळी, गाडीवान, जेवणखाण, कशालाही त्याने चांगले म्हटले नाही. पण हवेची मात्र तो रोज टिपणे ठेवी. मे महिन्यात त्याने समुद्रात डुंबायला सुरुवात केली तेव्हा गावकरी थक्क झाले. आता हा वाचत नाही, असे भाकीत तिथल्या काही वैद्यांनी केले. तो वाचला, इतकेच नव्हे तर त्याला बरे वाटू लागले. १७६६ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि ज्यांच्या घरी खोकणारे माणूस होते अशा श्रीमंत इंग्रजांचे डोळे नीसकडे वळले. आपल्याकडे जिला हवापालट म्हणतात, ती ही. आमच्या बेळगावलाही एके काळी 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत. तशी ही श्रीमंतांची जागा ठरली. मात्र हंगाम आजच्या उलटा होता. पाहुणे यायचे ते ऑक्टोबरात आणि परतायचे एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर राहणे म्हणजे वेडेपणा समजत.

पाहुण्यांनी गावाला काय दिले, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नीसचा समुद्राकाठचा रस्ता. १८२२ च्या सुमारास कडक थंडी आणि टंचाई यांमुळे गावात बेकार आणि भिकारी वाढले. तेव्हा लुईस वे नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने इंग्रज मंडळींकडून वर्गणी जमवली आणि त्या पैशांतून बेकारांच्या हातांना काम देऊन किनाऱ्याने पायवाट बांधवून घेतली. म्हणजे आपल्याकडे दुष्काळी कामावर रस्ते होत, तसाच तो रस्ता. नीसची माणसे आपल्या बोलीत त्याला 'कामिन देइ आंग्लेस', इंग्रजांची वाट, म्हणू लागली. आज तो 'प्रॉमनाद देझ आंग्ले' या फ्रेंच नावाने जगभर ओळखला जातो. अर्थ तोच आहे. बदलली ती भाषा. ती कशी बदलली ते पुढे येईलच.

सरहद्द माणसाच्या बेतावर कसा परिणाम करते याचा एक मासला या किनाऱ्यावर घडला. इंग्लंडचा माजी लॉर्ड चॅन्सेलर हेन्री ब्रूम १८३४ साली इटलीकडे निघाला होता. त्या वेळी कॉलऱ्याची साथ होती, म्हणून सार्डिनियाच्या अधिकाऱ्यांनी व्हार नदीवर नाकेबंदी केली होती. एवढा मोठा लॉर्ड, पण त्यालाही परत फिरावे लागले. तो मागे येऊन कान नावाच्या एका मासेमारीच्या खेड्यात उतरला. गाव त्याला इतके आवडले की तिथेच जमीन घेऊन त्याने बंगला बांधला. त्याच्यामागून त्याचे स्नेहीसोबती आले, बंगल्यांच्या रांगा उठल्या, आणि १८६४ पर्यंत तिथे इंग्रज गिऱ्हाइकांना बंगले मिळवून देणारी पेढीदेखील सुरू झाली. चित्रपट महोत्सवामुळे सर्वांना ठाऊक असलेले ते कान गाव उभे राहिले ते सरहद्दीवरच्या एका बंद नाक्यामुळे.

पुढे ती सरहद्दच हलली.

१८५९ च्या युद्धात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने ऑस्ट्रियाविरुद्ध सार्डिनियाला मदत केली. तिची किंमत म्हणून २४ मार्च १८६० च्या तुरीन तहाने सव्हॉय आणि नीस हे दोन प्रदेश फ्रान्सला द्यायचे ठरले. आधी करार झाला आणि मागाहून लोकांना विचारले गेले. १५ आणि १६ एप्रिल १८६० रोजी नीस प्रांतात सार्वमत झाले. फ्रान्सच्या बाजूने २५,७४३ मते पडली, विरुद्ध १६०. फ्रेंच सैन्य त्याआधीच शहरात आले होते. आकडे पाहून मतमोजणी करणाऱ्यालाही शंका यावी असा हा एकमुखी निकाल! फ्रान्सकडे जावे असे मनापासून वाटणारेही पुष्कळ होते, विशेषतः व्यापारी आणि धर्मगुरू. पण उरलेल्यांचे म्हणणे काय होते हे त्या १६० या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

त्या उरलेल्यांत एक माणूस असा होता की ज्याचे नाव मराठी घराघरांत माहीत आहे. जुझेप्पे गॅरिबाल्डी. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणल्यापासून मॅझिनी-गॅरिबाल्डी ही जोडी आपल्याला घरची वाटत आली आहे. हा गॅरिबाल्डी ४ जुलै १८०७ रोजी नीसच्या बंदराजवळच्या एका घरात जन्मला. ज्या इटलीला एक करण्यासाठी त्याने आयुष्य वेचले, तिच्याच मुत्सद्द्यांनी त्याचे गाव देऊन टाकले. कावूरने आपल्याला इटलीत परका करून सोडले, असे त्याने पुढे भर पार्लमेंटात सुनावले. घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता देश बदलणे म्हणजे काय, हे १९५६ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मांतोंची कथा आणखी वेगळी. ते गाव मोनॅकोच्या राजाचे. तिथली मुख्य पिके लिंबू आणि ऑलिव्ह. त्यांवरच्या करांनी लोक पिचले आणि १८४८ साली मांतों व शेजारचे रोकब्रून या दोन गावांनी मोनॅकोचे राज्य झुगारून आपण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. १८६० च्या सार्वमतात त्यांनीही फ्रान्सला कौल दिला आणि २ फेब्रुवारी १८६१ रोजी मोनॅकोच्या राजाने दोन्ही गावांवरचा आपला हक्क ४० लाख फ्रँकना फ्रान्सला विकला. राज्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक मुलूख गेला. लिंबाचा कर गेल्यावर पोट कशावर भरायचे, या प्रश्नाचे त्या राजाने शोधलेले उत्तर म्हणजे मॉन्टे कार्लोचा जुगारअड्डा.

याच सुमारास, १८५९ साली, जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून मांतोंला आला. आपण इथे मरायला आलो, अशीच त्याची समजूत होती. पण तो बरा झाला आणि गावच्या हवेवर त्याने पुस्तक लिहिले. त्याची एकामागून एक आवृत्ती निघाली. १८६४ मध्ये रेल्वे नीसला पोचली, १८६९ मध्ये मांतोंला. मग मात्र उत्तर युरोपातल्या खोकणाऱ्या माणसांचा लोंढाच लागला. आर. एल. स्टीव्हन्सन १८७३ च्या हिवाळ्यात तेविसाव्या वर्षी इथे येऊन राहिला. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे आपले हिवाळे नीसमधल्या भाड्याच्या खोल्यांत काढी. चेखॉव्ह १८९७ मध्ये नीसला एका रशियन खाणावळीत उतरला.

त्या काळी घर घेण्याचा बेत कसा करीत, हे पाहिले आणि मला माझ्या तक्त्याची गंमत वाटली. हंगामाचे घर म्हणजे ऑक्टोबर ते मेपर्यंतचे. खोल्या दक्षिणमुखी हव्यात, ऊन थेट आत यायला हवे, ही पहिली अट. प्रवासाच्या मार्गदर्शिका हे बजावून सांगत. घर ताब्यात घेताना खुर्च्या, पडदे, काटेचमचे यांची यादी दोघांसमक्ष करायची आणि सोडताना पुन्हा ताडून पाहायची. म्हणजे हरमलच्या माझ्या सासूबाई करीत तेच. एक बाब मात्र हरमलला नव्हती. घरात पाहुणा दगावला तर मालक नुकसानभरपाई मागे, कारण गाद्या आणि पडदे टाकून द्यावे लागत. ही रक्कम आधीच ठरवून घ्यावी असा व्यवहारी सल्ला आजाऱ्याच्या नातलगांना दिला जाई. मांतोंच्या जुन्या पेठेच्या माथ्यावर पूर्वी किल्ला होता, तिथे आता दफनभूमी आहे. समुद्राकडे तोंड करून झोपलेले ते इंग्रज, रशियन, जर्मन बहुतेक सारे भाडेकरूच, आणि कितीतरी विशी-पंचविशीतले.

मार्च १८८२ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी मांतोंला मुक्कामाला आली. ज्या बंगल्यात ती उतरली तो चार्ल्स हेन्फ्री नावाच्या इंग्रज रेल्वे-कंत्राटदाराचा. उत्तर इटलीत आणि हिंदुस्थानातही लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांत त्याची भागीदारी होती. त्या बंगल्याच्या चिऱ्यांत आपल्या घामाचाही थोडा अंश असावा. योगायोग असा की, राणी तिथे असतानाच, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग हवेने बरा होतो असे मानणाऱ्या गावाला कळले की तो माणसाकडून माणसाला लागतो. हळूहळू रोगी आल्प्स पर्वतातल्या आरोग्यधामांकडे वळले, आणि ज्यांच्या जिवावर गाव वाढले त्यांनाच हॉटेलवाले टाळू लागले. त्याऐवजी मौजेसाठी येणाऱ्यांना बोलावणे गेले. १८८७ साली स्तेफाँ लिएजार या लेखकाने या किनाऱ्याला 'कोत दाझ्यूर', म्हणजे निळाईचा किनारा, असे नाव दिले. रोग्यांचा किनारा पाहता पाहता रसिकांचा झाला.

मग हंगामही उलटला. १९२० नंतर उन्हात अंग भाजून घेणे ही फॅशन ठरली आणि उन्हाळ्यात दारे लावून घेणारी हॉटेले उघडी राहू लागली. खरा बदल घडवला तो जून १९३६ च्या कायद्याने. फ्रान्सच्या लोकआघाडी सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि रेल्वेचे सवलतीचे तिकीटही. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी गिरणी-कारखान्यांतली माणसे बायकापोरांसह किनाऱ्यावर उतरली. रजेचा तिसरा आठवडा १९५६ मध्ये मिळाला, चौथा १९६९ मध्ये, पाचवा १९८२ मध्ये. आठवड्याच्या हिशेबाने घर भाड्याने घेण्याची जी रीत आज जगभर आहे, तिच्यामागे रजेचा हा हिशेब आहे. भाड्याच्या पावतीवर 'मुक्काम-कर' म्हणून जी किरकोळ रक्कम लेकीने दाखवली, तिचा कायदाही १९१० चा आहे. हे कळल्यावर तो कर देताना मला फारसे वाईट वाटणार नाही.

या साऱ्या इतिहासात स्थानिक माणूस कुठे आहे, हा सौ.चा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नव्हता. तो शोधताना मला तो भाषेत सापडला.

नीसची बोली निस्सार्ट, मांतोंची मांतोनास्क. सरकारदरबारी १५६१ पासून इटालियन चाले, घरात आणि बाजारात बोली. १८६० नंतर दरबारात फ्रेंच आली. तीन वर्तमानपत्रे इटालियनमध्ये निघत असती तर तीही निभावली नसती, कारण इटालियनची बाजू घेणारी पत्रे बंद पाडण्यात आली. फेब्रुवारी १८७१ मध्ये त्यावरून नीसमध्ये दंगे उसळले आणि ते सैन्याने मोडले. १८८१-८२ च्या कायद्यांनी शाळा मोफत आणि सक्तीची झाली; शाळा म्हणजे फ्रेंच शाळा. मुख्याध्यापक म्हणून मी या कायद्याला नावे ठेवू शकत नाही, आणि त्याच नात्याने त्याची किंमतही विसरू शकत नाही. वर्गात बोलीत बोलणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याची पद्धत फ्रान्सभर होती. १९५१ च्या कायद्याने प्रादेशिक भाषा शाळेत शिकवायला मुभा मिळाली, तोवर सत्तर वर्षे उलटली होती.

पण केवळ शाळेने भाषा मागे पडली असे म्हणणे अर्धसत्य होईल. उरलेले काम भाड्याच्या घराने केले. नीसची लोकसंख्या १८६१ साली सुमारे ४८ हजार होती. १९११ साली ती १ लाख ४० हजारांच्या वर गेली. ही वाढ पाहुण्यांची आणि पाहुण्यांसाठी राबणाऱ्या बाहेरच्या माणसांची. पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, नोकराशी सरकारच्या, आणि आपली भाषा उरली ती मागच्या पडवीसाठी. हुकुमाने मारलेल्या भाषेसाठी माणसे भांडतात तरी. पाहुण्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवलेली भाषा कधी गेली ते कळतही नाही. आज जुन्या नीसमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली निस्सार्ट नावे लावलेली आहेत. पाटीवर भाषा परत आणणे सोपे असते. ओसरीवर आणणे कठीण.

मांतोंच्या वाट्याला तर सरहद्दीचे सगळेच भोग आले. जून १९४० मध्ये इटलीने फ्रान्सवर हल्ला केला तेव्हा गाव रिकामे करण्यात आले आणि माणसे आतल्या मुलखात पाठवली गेली. युद्धबंदीनंतर गाव इटलीच्या ताब्यात राहिले. सप्टेंबर १९४३ पर्यंत ते 'मेंतोने' होते आणि सरकारी व्यवहार इटालियनमध्ये. त्यानंतर जर्मन आले. परतलेल्यांपैकी अनेकांना घरे लुटलेली, पडलेली मिळाली. पुढे युरोपातल्या देशांनी आपापसांतली नाकी उठवायचा करार १९८५ मध्ये केला, तो १९९५ पासून अमलात येऊ लागला, आणि मांतोंकर पायी इटलीत जाऊन भाजी आणू लागले. पण २०१५ च्या उन्हाळ्यात आफ्रिकेतून आलेल्या निर्वासितांना फ्रेंच पोलिसांनी याच नाक्यावर अडवले. कितीतरी जण सरहद्दीवरच्या समुद्राकाठच्या खडकांवर आठवडेच्या आठवडे बसून होते, आणि त्याच पाण्यात थोड्या अंतरावर सुट्टीवर आलेली माणसे पोहत होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्सने सरहद्दीवरची तपासणी पुन्हा सुरू केली. १८३४ चा ब्रूम मला इथे पुन्हा आठवला. फरक इतकाच की, त्याच्यापाशी परत फिरून बंगला बांधण्याइतके पैसे होते.

आता किल्लीच्या पेटीकडे येतो. २००८ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोत 'एअरबीएनबी' सुरू झाली. मूळ कल्पना साधी होती: आपल्याच घरातली रिकामी जागा पाहुण्याला द्यायची. पण सात दिवसांच्या भाडेकरूकडून महिन्याच्या भाडेकरूपेक्षा जास्त मिळते, हे कळल्यावर मालकांनी गावातले भाडेकरू काढून घरे पाहुण्यांसाठी राखायला सुरुवात केली. शिक्षक, परिचारिका, पाववाला यांना गावात घर मिळेनासे झाले. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सने कायदा केला. स्वतःचे राहते घर वर्षाकाठी १२० दिवस पाहुण्यांना देता येत असे. ही मर्यादा ९० दिवसांवर आणण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २०२४ मध्ये आपल्याकडच्या १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवण्याचे जाहीर केले. म्हणजे आमच्या सौ.नी स्वयंपाकघरात विचारलेला प्रश्न तिथे कायदेमंडळापर्यंत पोचला होता.

आमचा बेत आता ठरला आहे. मुक्काम अधिक दिवस लेकीकडे असल्याने व्हिसा इटलीचा घ्यायचा. तोच फ्रान्सलाही चालतो. तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा आवश्यक. तुरीनहून कूनेओमार्गे आल्प्स ओलांडून व्हेन्तिमिल्यापर्यंत १९२८ साली सुरू झालेला डोंगरी लोहमार्ग आहे. त्याने जायचे आणि तिथून मांतोंची गाडी धरायची. नाके उठले म्हणतात, तरी पासपोर्ट खिशातच ठेवायचा.

आणि घर? तक्त्यातला नवा रकाना भरला तेव्हा पहिल्या घराखेरीज दुसरे उरलेच नाही. चौथा मजला आहे, गुडघे कुरकुरतील, पण मालकीण खालीच राहते आणि वरची जागा ही तिचीच, मुले पांगल्यावर रिकामी झालेली. लेकीने तिला फोन केला. बाई फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. लेकीचे फ्रेंच अडखळते म्हटल्यावर इटालियनमध्ये आल्या. आणि मध्येच एका शब्दाला अडल्यावर तिसऱ्याच कुठल्या बोलीत पुटपुटल्या. लेकीने त्याचा अर्थ विचारला. बाई हसल्या आणि म्हणाल्या की, ही आमच्या घरातली भाषा, पाहुणे कधी तिच्याविषयी विचारत नाहीत. मग त्या बराच वेळ बोलल्या. १९४० मध्ये गाव सोडावे लागले तेव्हा त्यांची आई लहान मुलगी होती. परतल्यावर घरात दारेदेखील उरली नव्हती.

फोन ठेवताना लेकीने विचारले, येताना आम्ही काय आणावे? बाई म्हणाल्या, काही नको. घरातल्या वस्तूंची यादी टेबलावर असेल, तेवढी पाहून घ्या.

हे ऐकून सौ. समाधानाने म्हणाल्या, "बघा, तिथंही मोजतातच की. निघायच्या दिवशी भांडी मी स्वतः घासून, मोजून देईन. आणि तो कुठला शब्द, तो लेकीला लिहून ठेवायला सांगा. घरात शिरताना त्या बाईंना त्यांच्याच भाषेत हाक मारायची आहे मला."